टिपणांना त्यांची मूळ पाने परत जोडून मिळणेबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
जुने दस्तऐवज विभाग

विषय : वडिलांच्या संगणकातील टिपणांचे आपल्या दस्तऐवजांशी असलेले, तुटलेले दुवे जोडून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले उत्तर, 'जुन्या पानाचा शोध घेण्यासाठी त्याचा नवा क्रमांक कळवावा.' (तोच तर मी विचारला होता.)

महोदय,

१. माझे वडील इतिहासाचे अभ्यासक. जन्मभर आपल्या कार्यालयातले कागद वाचून त्यांनी संगणकात टिपणे केली. प्रत्येक टिपणाखाली मूळ पानाचा दुवा. त्यावर बोट लावले की पान समोर. पुराव्याविना टिपण म्हणजे थाप, असा त्यांचा खाक्या. मूळ पान सापडले नाही, तर टिपण स्वतःच्या हाताने पुसत.

२. अलीकडे त्यांना विसर पडतो. जेवलो की नाही, तेही आठवत नाही. पण दुव्यावरून पान उघडले की चेहरा खुलायचा, "बघ, मी खरंच वाचलं होतं!" आपण सर्व पानांचे क्रमांक बदललेत आणि एकूण एक दुवे बंद पडले. आता ते विचारतात, "हे सगळं मी मनानंच रचलं का गं?" आणि पुसत बसतात. संगणक लपवून पाहिला, तर हमसून हमसून रडले. मला बघवेना, परत दिला. टिपणांची प्रत मी काढून ठेवली आहे. पण पुसलेले त्यांच्या डोक्यातूनही जाते, त्याची प्रत कुठून काढू?

३. विसर पडू लागला तेव्हा त्यांनी घरचीही टिपणे केली होती. 'मला एक मुलगी आहे.' खाली माझ्या जन्मनोंदीच्या पानाचा दुवा, तेही आपल्याकडचेच. परवा ते टिपणही त्यांनी पुसले. मी धावत जन्मदाखला आणला. त्यांनी चष्मा लावून नीट वाचला. म्हणाले, "बाई, ही नक्कल झाली. मूळ पान दाखवा." जन्मल्यापासून मला 'अगं' म्हणणारा बाप 'बाई' म्हणाला.

४. बाकीची पाने सवडीने शोधावीत. ते एक मात्र आधी जोडून द्यावे, ही पदर पसरून विनंती. आपल्याकडचे वाचक-खाते वडिलांच्या नावे असल्याने अर्जावर त्यांचीच सही लागेल, असे आपल्या खिडकीवर सांगण्यात आले. मी इथवर लिहिलेला अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पेनाचे टोपण काढले, शेवटपर्यंत वाचले आणि हात जोडले, "ओळखपाळख नसताना सही कशी करू?"

तरी हा अर्ज माझ्या एकटीच्या सहीने स्वीकारावा.

सोबत : जन्मदाखला (वडिलांनी अमान्य केलेला).

दिनांक : १४ जून

आपली नम्र आणि वाट पाहणारी,
(सही)
खातेदाराची मुलगी