सुपातला धूमकेतू

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पाठवलं! दोन पानं, पुण्याच्या एका संशोधन संस्थेला. वर्षभराच्या कामासाठी एकच जागा, आणि परीक्षा म्हणून सगळ्या मुलामुलींना एकच कोडं — एका जुन्या धूमकेतूची क्ष-किरणांतली दोन दिवसांची निरीक्षणं. दुसऱ्या दिवशी तो दुप्पट चमकला. का?

मी लिहिलं, त्यातून जास्त वायू सुटला म्हणून.

बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "धूमकेतूचा एक्स-रे? हड्डी मोडली का त्याची?" आणि स्वतःच हसत बसले. मग समजावलं. सूर्याकडून सतत एक वारा वाहतो, विद्युतभारित कणांचा. डोळ्यांना दिसत नाही. धूमकेतूच्या वायूला धडकला की तो त्यातले इलेक्ट्रॉन ओढून घेतो, तेव्हा वाऱ्यातल्या कणांतून क्ष-किरण निघतात, प्रत्येक मूलद्रव्याचे वेगळे. एवढा थंड बर्फाचा गोळा, पण चमकतो!

"मंग हा वाऱ्याचाच एक्स-रे म्हन ना!"

बरोबरच की!

१९ नोव्हेंबर

नुसती झोपले.

२० नोव्हेंबर

बाकी धान मशीनवर निघालं, पण बियाण्याचं आई कधीच मशीनला देत नाही. आज खळ्यावर उपणायला मी सोबत. मी भरून द्यायचं, तिने सुपातून ओतायचं. दुपारी कोंडा एकदम पार कुंपणापर्यंत.

"आई, जास्त ओतून राह्यली का तू?"

"ओतनं तेवढंच हाय. किती उडून राह्यलं ते नोको पाहू. काय कुठी पडून राह्यलं ते पाय! पोचट दाने मघा पायापाशी पडत होते, आता कोंड्यासंग गेले. वारा बदलला."

मी टोपली धरून तशीच उभी.

"भर नं वं! का झालं?"

काय झालं! मी फक्त किती चमकला ते पाहिलं. कोणाची चमक किती वाढली, ते पाहिलंच नाही! नुसता वायू वाढला असता, तर वाऱ्यातल्या सगळ्या कणांची चमक सारखीच वाढली असती.

२१ नोव्हेंबर

तपासलं. तीनदा. वाऱ्यातल्या कार्बनची चमक जिथल्या तिथे, ऑक्सिजनची तिपटीच्या वर. वाराच बदलला होता. माझं उत्तर चूक.

कॉलेजातल्या पुनमला फोन केला. "पागल झाली का? पाठवलं तं पाठवलं. आपली चूक आपनच सांगतेत का कोनी?"

जागा हवी आहे. फार हवी आहे. मी बी.एस्सी. झाले — घरात पहिलीच — तेव्हा बाबांनी गावभर जिलेबी वाटली होती. पण चूक झाकून मिळाली, तर वर्षभर धूमकेतूंकडे कोणत्या तोंडाने पाहू?

२२ नोव्हेंबर

सकाळीच मेल केली. 'माझं पहिलं उत्तर चुकलं आहे.' नवी दोन पानं जोडली. 'कोणाची मदत घेतली' या रकान्यात खरं तेच लिहिलं, आईचं पूर्ण नाव — गिरजाबाई वारलू कुनघाडकर.



१ डिसेंबर

पुण्याहून काही नाही. वाराही नाही. बियाण्याची दोन पोती उपणायची तशीच पडून.

३ डिसेंबर

मेल आली!! शुक्रवारी अकराला मुलाखत, व्हिडिओवर. खाली एक ओळ — 'गिरजाबाई कोणत्या संस्थेत असतात? शक्य असल्यास त्यांनीही यावं. त्यांना दोन प्रश्न विचारायचे आहेत.'

आईला वाचून दाखवलं. सूप झाडता झाडता म्हणाली, "येतो. पन त्या टायमाले वारा सुटला, तं मी नाई बसत. सांगून ठेव त्यायले."