काचपेटीतले साहेब

२८ सप्टें.
गोगलगायीला काकडी घातली. दिलीप गेल्यापासून रोज म्हणते, आजची शेवटची, उद्या सोडून येते. येत नाही.
दिलीप, माझा नवरा, कृषी खात्यात होता. गावोगाव सांगत फिरायचा, शंखी गोगलगायी वेचा, मिठाच्या पाण्यात टाका. आणि त्यातलीच एक, मुठीएवढी, जेवणाच्या डब्यातून घरी घेऊन आला. नाव ठेवलं साहेब. का, तर दिवसभर हलत नाहीत, पण खाल्लेलं दिसतं. विनोदी तो होता. पेपरात विनोदी सदर मात्र माझं छापून येतं.

३० सप्टें.
सासूबाई खुलताबादकडचं शेत वाट्यानं देऊन कायमच्या आल्या. चहाआधी काचपेटीपुढं बसल्या. "माझं सोयाबीन ह्यांनीच खाल्लं गं." मग, "दिल्याच्या हातचं खायचा का हा?"
हो म्हणाले. नको होतं म्हणायला.

३ ऑक्टो.
संध्याकाळ झाली की साहेब काचेवर चढतात. दिलीपच्या खुर्चीच्या बाजूनं. रोज त्याच बाजूनं. तिकडं सावली असते म्हणून, असं मी ठरवलंय. सा.बाईंना सांगितलं नाही, पण त्यांना दिसलंच. त्यांनी खुर्ची पुसून ठेवली. आता तिच्यावर कुणी बसत नाही.

५ ऑक्टो.
स्वयंपाकघरातून ऐकलं, सा.बाई काचपेटीशी बोलत होत्या. "जेवला का रं? काय घालती ती, निस्ती काकडी."
सदराला विषय चांगला होता. अर्धं लिहिलं, फाडलं. आणि हसायचं कुणाला? काकडी ठेवताना हल्ली मीही 'घ्या' म्हणते. हळू आवाजात, इतकंच.

८ ऑक्टो.
शेजारीण गुलमंडीतून आणलेली साडी दाखवायला आली. साहेबांकडं बघून, "अगंबाई, केवढा वाढलाय हा." झालं. ती गेली, मी आंघोळीला गेले, आणि सा.बाईंनी त्याची दृष्ट काढली. झाकण उघडं, मुठीत मीठ-मोहरी, थोडं मीठ आत सांडलेलं.
बाहेर आले तर शंखातून फेस. उचलून नळाखाली धरला. त्या मागं उभ्या, मूठ अजून मिटलेली. "दृष्ट लई होती. बघ कसा फेस निघाला."
याच बाईंनी शेतात गोगलगायींवर पोत्यानं मीठ ओतलेलं आहे, मुलानं सांगितलं म्हणून. पण आज त्यांनी दृष्ट काढली ती गोगलगायीची नव्हती.
नळ बंद केला, शंख पेटीत परत ठेवला.

१० ऑक्टो.
साहेब पार आत. शंखाच्या तोंडावर पांढरा पापुद्रा. पाऊस सरला की दार लावून झोपतात, ते पुढच्या पावसापर्यंत, दिलीप सांगायचा. पण हे दारच आहे की वाळलेला फेस?
"उठला का?"
"झोपलाय."
"मिठानं तर काही…" म्हणजे आठवलं त्यांना.
"नाही हो आई. दिवसच झोपायचे आहेत."
खरंही असेल.

१३ ऑक्टो.
सा.बाई जेवत नाहीत. काल नाही, आज नाही. ताट सरकवताना म्हणाल्या, "एकाच लेकराला दोनदा कसं पोचवू गं." ताट झाकून ठेवलं.

१५ ऑक्टो.
मेलेली गोगलगाय ओळखायची खूण म्हणजे वास. हेही दिलीपचंच. आज शंख हातात घेतला. हलका वाटला. की एवढाच होता? सा.बाईंपुढं धरला.
"तू बघ."
"तुम्ही बघा, आई."
"तुझं नाक तरणं हाय."
"माझं चोंदलंय."
चोंदलेलं नाही. त्यांनाही ते कळलं. त्यांनी शंख घेतला, पदरानं पुसला, तोंड खाली करून मातीवर ठेवला. झाकण लावलं.
"इथं पाऊस कधी लागतो?"
"जूनमधे. कधी जुलै."
"मग तवर वास कुणी घ्यायचा नाय," म्हणाल्या, आणि भात मागितला.