न फोडलेलं पाकीट

मंगळवार, जानकीपुरम

पाककृतींच्या ब्लॉगवर जाहिरातींची चिल्लर मिळते, वाचकांकडे वर्गणी मागायची लाज वाटते, म्हणून एका कंपनीकडून पैसे घेऊन लेख लिहिला. त्यांनी पाठवलेलं नाचणी सत्त्वाचं पाकीट न फोडताच लिहिलं, ‘माझी लेक यावरच वाढली.’ ती तर माझ्या आईनं घरी केलेल्या सत्त्वावर वाढली.

आज एका वाचक बाईंचा मेसेज आला: ‘ताई, तुमच्या भरवशावर बाळाला आजपासून सुरू करतेय.’ तेव्हा कुठे पाकीट फोडलं. खवट वास, आत अळ्यांची जाळी.

इथल्या हिंदीतच वाढलेली लेक म्हणाली, “मम्मी, आपने खोलकर देखा भी नहीं था?”

बाईंना लगेच लिहिलं, देऊ नका. वर्गणीची लाज वाटली, याची कशी नाही वाटली? लेक लहानपणी संध्याकाळी सातला सत्त्वाची खीर खायची, तीच वेळ लेखात दिली होती. पावणेसात झालेत. मेसेज अजून वाचलेला नाही.