ज्या खर्चावर मत द्यायचं नसतं

प्रिय मामाजी,

सासऱ्याला 'प्रिय' लिहितात होय, असं म्हणत तुम्ही चष्म्यावरून पाहिलं असतं. पाहा खुशाल! 'तीर्थरूप' लिहिलं की हात आपोआप जोडले जातात, आणि आज मला तुमच्याशी भांडायचं आहे.

झालं असं, की सकाळी मी अंगणात तांदूळ पाखडत होते, तेव्हा खासदारांच्या ऑफिसातून फोन आला. कोणी मुलगी होती, गोड आवाजाची. "ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिल्लीहून आलं, ते आम्ही तुम्हाला पाठवलं होतं. मिळालं न? मग समाधान झालं असं लिहून प्रकरण बंद करू का?" मी इतकी गांगरले की सूप हातातच राहिलं. म्हटलं, "उद्या सांगते." ती म्हणाली, "बरं, उद्या दहा वाजता करते."

तर उद्या दहाच्या आत मला ठरवायचं आहे की माझं समाधान झालं की नाही. प्रश्न तुमचा, उत्तर माझ्या हातात, आणि तुम्हाला जाऊन आठ महिने झाले! हो म्हटलं तर तुमचा प्रश्न कायमचा बंद. नाही म्हटलं तर ती विचारेल, काय नाही समजलं ताई? आणि मला काय नाही समजलं, तेच मला समजून नाही राहिलं. हसू नका.

सगळी चूक तुमची आहे. अड्याळच्या शाळेत तुम्ही जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. त्या तासाला पोरं झोपायची, हे तुम्हीच सांगायचे. निवृत्त झाल्यावर झोपायलाही कोणी उरलं नाही, तेव्हा तुम्ही मला धरलं. मी पोळ्या लाटायची आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून संसद शिकवायचे. शेजारच्या सुनांना भाजीत मीठ कमी पडलं म्हणून बोलणी बसायची. मला बसायची लोकलेखा समिती विसरली म्हणून! असा छळ कोणत्या सासरी असतो?

त्यातच एक दिवस एका खर्चाचा विषय निघाला. तुम्ही म्हणाले, "रंजना, सरकार बजेट मांडते. त्यातल्या मागण्यांवर खासदार मत देतात. पण देशानं जे कर्ज काढलं, त्याचं व्याज निराळ्या यादीत असते. त्याच्यावर मतदानच नाही. बोलता येते, मत देता येत नाही."

मी विचारलं, "काहून?"

"देशानं शब्द देला हाय न. उद्या सभागृहानं नाही म्हटलं अन् देशाचा शब्द पडला, त पुन्हा कर्ज कोण देईन?"

मला पटलं. पण मग मीच म्हटलं, "तर मग बोलाले तरी कायले पाहिजे? द्यायचंच आहे त देऊन टाका, चहा प्या अन् आपापल्या घरी जा!" तुम्ही खुर्चीवरून ताडकन उठले. "चाल तलावावर," म्हणाले. त्या दिवशी तव्यावरची पोळी कोळसा झाली, आणि आत्याबाईंनी, नवरा पाहिला नाही की सून, आपल्या दोघांनाही झोडपलं.

तलावाच्या पाळीवर त्या दिवशी धानाला पाणी सोडायची बैठक होती. बायका तिकडे जात नाहीत. मी डोक्यावर पदर घेऊन बाभळीखाली उभी राहिले. कोणाच्या शेताला किती पाणी आणि आधी कोणाला, हे आज्या-पणज्यांच्या वेळचं ठरलेलं. त्यावर कोणी हात वर करत नाही. तरीही प्रत्येक जण बोलल्याशिवाय तलावाचं दार उघडत नाही. नामदेव काकांनी विचारलं, "मागच्या खेपेस माझ्या धानाच्या बांधीले पाणी काहून पोचलं नाही?" विचारलं आणि मुकाट खाली बसले. बैठकीचा नियमच तसा. विचारणाऱ्यानं खाली बसायचं आणि सगळे बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

मग एकेक जण बोलत गेला. बराच वेळ कामाचं काही निघेना. शेवटी एक जण मान खाली घालून म्हणाला की त्याच्या बांधाला खेकड्यानं बीळ केलं आहे, पाणी त्यातून नाल्याला जात असेल. तुम्ही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पाहिलं? मत कोणी देलं नाही. वाटा होता तोच राहिला. पण बोलले म्हणून भोक सापडलं." लग्न होऊन आल्यापासून मला एवढं चांगलं काही कोणी शिकवलं नव्हतं, मामाजी. खरंच सांगते.

आणि मग तुम्ही खाटेला लागले. बोलणं कमी झालं, पण एक चिठ्ठी उशीखालून काढून दिली तेव्हा आवाज अगदी वर्गातला होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: कर्जावरच्या व्याजावर लोकसभेत मत देता येत नाही, पण चर्चा करता येते. तर मागच्या अधिवेशनात ती चर्चा किती वेळ झाली, आणि आपण स्वतः तिच्यात काय बोललात? "खासदारांले हे विचार," म्हणाले, "अन् उत्तर घेतल्याबिगर घरी येऊ नको." मी हो म्हटलं. तेव्हा कोण नाही म्हणणार?

उन्हाळ्यात खासदार लाखनीला आले. हायवेवरच्या मंगल कार्यालयात लोकांना भेटणार होते. मी गेले. तुमचे चिरंजीव सोबत होते, नाइलाजानं. माझा नंबर आला. मी आधी म्हटलं, "हा आमच्या स्वर्गवासी गुरुजींचा प्रश्न आहे," आणि चिठ्ठी वाचली. अर्धं कार्यालय तुमचे विद्यार्थी! टाळ्यांचा कडकडाट झाला. खासदारांनी हात जोडले. म्हणाले, "असे गुरुजी आता होणे नाही. ताई, याचं लेखी उत्तर देतो."

आणि मी काय केलं? खाली बसले! तलावाच्या बैठकीत बसतात तशी. मला वाटलं, आता एकेक जण बोलेल, गोल फिरून माझ्यापर्यंत येईल, मग मी विचारीन की लेखी देता ते ठीक, पण तुम्ही बोलले की नाही तेवढं आत्ता सांगा. माईक पुढे गेला. कोणी सर्व्हिस रोडचं विचारलं, कोणी उड्डाणपुलाखालच्या अंधाराचं. चहा आला, समोसे आले, सतरंज्या गुंडाळायला लागले. मी बसूनच! तुमचा मुलगा म्हणाला, "उठ न, संपलं." "संपलं कसं? कोणी बोललंच नाही." तो म्हणाला, "हे काय तलाव होय का?"

मामाजी, तुम्ही मला संसद शिकवली, लोकलेखा समिती शिकवली, पण माईक कसा सोडू नये ते का नाही शिकवलं?

मग आता हे उत्तर. दोन पानं आहेत. मी तीनदा वाचली. पहिल्या पानावर तुमच्याविषयी आदर. दुसऱ्यावर लिहिलं आहे की व्याज हा भारित खर्च आहे, म्हणजे तो द्यावाच लागतो. म्हणून त्यावर मतदान होत नाही. चर्चा करायला सभागृह मोकळं आहे. कर्जाचे सगळे कागद बजेटसोबत सभागृहापुढे ठेवतात, हिशेब तपासणारे तपासतात, लोकलेखा समिती पाहते. एकही शब्द खोटा नाही. सगळं तुम्ही मला दारात बसून शिकवलं तेच आहे!

पण हे उत्तर आहे का? आपण विचारलं, किती वेळ बोलले. ते सांगतात, बोलायला मोकळे आहेत. मी घरच्यांना विचारलं, जेवले का, आणि ते म्हणाले, चूल आपल्याच घरची आहे, तर मी भात वाढू की झाकून ठेवू? मग वाटतं, आपणच दीडशहाण्या. एवढी मोठी माणसं, एवढे कागद, समिती पाहते म्हणतात तर पाहत असेल. मग पुन्हा वाटतं, पाहत असेल तर सांगायला काय होतं? सकाळपासून असंच चाललं आहे. एक मन हो म्हणतं, दुसरं नाही, आणि भात दोनदा करपला.

तुमचे चिरंजीव म्हणाले, "हो म्हणून टाक. उत्तर आलं, बाबाचं नाव झालं, आणखी काय पाहिजे? उगाच हात दाखवून अवलक्षण कायले?" त्यांचंही खरंच वाटलं.

म्हणून दुपारी नामदेव काकांकडे गेले. तुमचे जन्माचे सोबती, त्यांना ठाऊक असेल तुमचं समाधान कशानं झालं असतं ते. काकांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाले, "पोरी, तुले एक सांगतो. गुरुजीनं हा प्रश्न आधी एकदा नेला होता. तुझं लग्न व्हायच्या आधी. साकोलीले तेव्हाचे खासदार आले होते. आम्ही दोघं गेलो. नंबर आला, गुरुजी उभे राहिले, माईक हातात घेतला, अन् म्हणाले, 'अड्याळची संध्याकाळची बस वेळेवर येत नाही.'"

"बसचं विचारलं?"

"बसचं. घराजवळ आल्यावर म्हणाले, 'नामदेव, त्यायनं मलेच उलटं विचारलं असतं, त मले तरी पुरतं कुठं समजलं हाय?'"

मामाजी! इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला सगळं येतं आणि मीच मठ्ठ! आणि तुम्ही माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून निघून गेले? मला असा राग आला की काकांच्या ओसरीवरच बोलले तुम्हाला, वाट्टेल ते बोलले. मग हसू आलं. बसचं म्हणे! ती तरी सुधारली का? आजही उशिराच येते. आणि मग रडू आलं, कारण माईक धरलेले, घाबरलेले तुम्ही मला डोळ्यांपुढे दिसले. वर्गात पोरांना 'विचारा, विचारा' म्हणणारा माणूस. एकदा तरी सांगायचं होतं न मला. दोघांना मिळून समजलं नसतं.

काका मला पाणी देत म्हणाले, "त्या दिवशी लाखनीले मी मागच्या रांगेत होतो. टाळ्या तुझ्या प्रश्नाले नव्हत्या, बाई. गुरुजीच्या नावाले होत्या."

तेव्हापासून हे एकच वाक्य डोक्यात घोळतं आहे. बाकी अजून मला काही कळलेलं नाही. भारित खर्चावर किती बोलावं, बोलून काय होतं, समिती काय पाहते, सगळा गोंधळ तसाच आहे. पण एवढं कळलं की मीच तुमचं नाव पुढे करून सगळ्यांची सुटका केली. गेलेल्या माणसाचा प्रश्न म्हटला की लोक हात जोडतात. त्याला उत्तर कोण देतं?

म्हणून शब्द देते, मामाजी. उद्या दहाला फोन आला की सांगीन, समाधान झालं नाही. काय कळलं नाही विचारलं तर म्हणीन, सगळंच कळलं नाही, पहिल्यापासून सांगा, आणि खासदार बोलले की नाही तिथून सुरू करा. पुन्हा कागद आला आणि पुन्हा नाही कळलं, तर पुन्हा विचारीन. लाज वाटेल, वाटू दे. आणि त्या मुलीला आणखी एक लिहायला सांगणार आहे, की प्रश्नावरून गुरुजींचं नाव खोडा आणि माझं घाला. वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला त्यांनी हात जोडले. मी जिवंत आहे, मला उत्तर द्यावं लागेल.

तुमची सून,
रंजना