आठ वायरींची पट्टी आणि बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा मोबाइल व विजेच्या वस्तूंची विक्री, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या चष्म्यातून बघत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. भरीस घालायचं काम मुलगा गेले चार महिने करतो आहे, पण ते दुसऱ्याच एका कागदासाठी. त्याचा समाचार पुढे येईल.

वकीलसाहेबांनी दीड पानाचा मसुदा टाइप करून दिला होता. 'सदर मिळकत सदर इसमास सदर दिवशी.' मी विचारलं, "वकीलसाहेब, यात मी कुठे आहे?" तर म्हणाले, "बाई, तुम्ही नसाल तेव्हाचाच हा कागद आहे." म्हणून हा कागद मी माझ्या पद्धतीने करते आहे. कायद्यात बसेल तेवढं बसवावं, उरेल ते वाचून सोडून द्यावं.

कलम १. यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं माझ्या नवऱ्याच्या नावे होतं. त्यांना जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील.

कलम २. माझ्या स्थावर मिळकतीत मुख्य म्हणजे कोपऱ्यावरचं हे दुकान, एक शटर, मागच्या छोट्या खोलीसह. ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. मी ते कॅसेटच्या दोन फळ्यांवर सुरू केलं तेव्हा नवरा ग्रंथालयात कारकून होता आणि संध्याकाळी येऊन काचा पुसायचा. तरी चाळीस वर्षं झाली, आजही माणसं आत येऊन माझ्याकडे बघत विचारतात, "मालक कुठे आहेत?" तर मालक इथेच आहेत आणि हे लिहीत आहेत.

या दुकानावरून घरात काय चाललंय ते साक्षीदारांना माहीत आहे, पण कागदालाही माहीत असावं. माझा मुलगा दुकानांच्या एका मोठ्या साखळीत अधिकारी आहे. त्या साखळीला हा कोपरा भाड्याने हवा आहे. तीस वर्षांचा करार, उत्तर या महिन्याअखेर. ते आले की सगळीकडे काच आणि पांढरा उजेड होणार, काउंटर निघणार आणि मागच्या खोलीत गोदाम होणार. त्या मागच्या खोलीत माझी सून बसते. तिचं तिथे दुरुस्तीचं टेबल आहे, भिंग आहे, गरम हवेची बंदूक आहे आणि चिमटे तर इतके आहेत की मी मोजायचं सोडून दिलं. करार झाला तर तिचं टेबल रस्त्यावर. नाही झाला तर मुलाची नोकरीत मान खाली. निर्णय मी कलम ६ मध्ये लिहिला आहे. आधी हे सगळं वाचावं, पानं पुढे उलटू नयेत.

कलम ३. आता धंद्याविषयी, कारण कोणी विचारत नाही म्हणून मी इथे सांगणार.

दर सहा महिन्यांनी कंपन्या आम्हा दुकानदारांना एका मोठ्या हॉटेलात बोलावतात आणि पुढचा ट्रेंड काय ते पडद्यावर दाखवतात. पहिल्या वर्षी फोन लहान हवा होता. मग मोठा हवा झाला. मग एवढा मोठा झाला की खिशात मावेना, तेव्हा त्याची घडी घालायची ठरली. कॅमेरा एक होता, मग दोन, मग तीन, आणि फोटो त्याच नातवाचा, त्याच सोफ्यावर. डब्यातून आधी हेडफोन गेला, मग चार्जर गेला. मागच्या वेळी मी उभी राहून विचारलं, "पुढच्या खेपेला डब्यातून फोनच काढणार का?" सगळे हसले. स्टेजवरचा पोरगेला साहेब म्हणाला, "मॅडम, ग्राहकाला काय हवं ते ग्राहकाला माहीत नसतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, माझ्या ग्राहकाला एवढंच हवं असतं की बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकावी!

आणि ग्राहक तरी काय कमी आहेत? एक सद्गृहस्थ पाऊण तास माझ्याकडून चार फोन हाताळून गेले, कुठला चांगला ते माझ्याच तोंडून वदवून घेतलं, आणि माझ्याच काउंटरला टेकून, माझ्यासमोर, तोच फोन ऑनलाइन मागवला. आठवड्याने डबा घेऊन हजर. "ताई, जरा वरची काच लावून द्या ना, तुमचा हात चांगला आहे." लावून दिली. हात चांगला आहे ना.

माझी एक पद्धत होती. नवा फोन मागायला कोणी आलं की मी आधी विचारायचे, "जुन्याला काय झालंय?" निम्म्या लोकांना फक्त बॅटरी बदलून हवी असायची. मुलगा चिडायचा. "आई, तू विकायला बसली आहेस की विकू न द्यायला?" मला या प्रश्नाचा फार गर्व होता. का होता ते कलम ५ मध्ये येईल आणि कसा उतरला तेही.

कलम ४. जंगम वस्तू.

अ) पुठ्ठ्याची हसरी बाई, माणसाएवढी, हातात फोन: समोरच्या डिस्काउंटवाल्याला. त्याने ती दोनदा माझ्या दारातून हलवून स्वतःच्या दाराशी लावली होती. आता कायमची घे बाबा.

आ) पावलं मोजणारं घड्याळ: आमच्या घरच्या डॉक्टरांना द्यायचं होतं, कारण ते मला रोज चाला म्हणतात आणि स्वतः कोपऱ्यापर्यंत स्कूटरने येतात. पण साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकील म्हणतात. सबब घड्याळ वकिलांना.

इ) उंच स्टूल: हे शेजारच्या टेलरमास्तरांचं, म्हणजे माझं, पण गेली वीस वर्षं तेच बसतात. तेही साक्षीदार आहेत. मी म्हटलं, मग त्यांच्या बायकोच्या नावे करू. वकील म्हणाले तेही चालत नाही. तेव्हा स्टूल दुकानातच राहील आणि मास्तर त्यावर बसत राहतील. याला कायद्यात काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.

ई) काचेतले नकली फोन, एकूण तेहतीस, आतून पोकळ: ज्याला हवे त्याने न्यावेत. एवढी वर्षं लोक तेच हातात घेऊन "वा, किती हलका आहे" म्हणत आले.

उ) वरच्या मजल्यावरचं घर आणि बँकेतली ठेव मुलाला व सुनेला, निम्मं निम्मं. यावर वाद घालू नये.

कलम ५. माझ्या नवऱ्याचा फोन.

तो नवा नव्हता. दुकानात दाखवायला ठेवलेला नग होता, चार वर्षांचा, पाठीवर 'विक्रीसाठी नाही' ही चिठ्ठी अर्धी खरवडलेली. माझ्या काचेत साठ फोन होते आणि माझ्या नवऱ्याच्या खिशात तो. सकाळी भरलेला फोन दहाला मान टाकायचा. त्यांनी मला तीनदा सांगितलं. ते कधी आवाज चढवून बोलायचे नाहीत, म्हणाले, "अगं, तुझ्या सवडीने बघ." मी म्हटलं, "उद्या बघू." मुलगा म्हणाला, "आई, बाबांना नवीन घेऊन दे." मी म्हटलं, "नवीन कशाला? फक्त बॅटरीच तर गेली आहे." सून म्हणाली, "आई, द्या इकडे, वीस मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, "आधी गिऱ्हाइकांचे नग संपव. घरचं काय, कधीही होईल." नवाही दिला नाही आणि जुना दुरुस्तही केला नाही. जगाला शहाणपण शिकवत बसले होते ना मी.

त्या दिवशी ते नेहमीसारखे सकाळी बागेत गेले. सव्वादहाला त्यांना बाकावरच चक्कर आली. तिथल्या माळ्याने त्यांना आडवं केलं, बागेतल्या बायकांना वारा घालायला बसवलं आणि घरी कळवायला त्यांच्या खिशातला फोन काढला. फोन बंद. माळी तो हातात घेऊन धावत सुटला आणि जवळचं मोबाइलचं दुकान बघून आत शिरला. ते दुकान माझं.

यापुढचं मी आजवर एका डॉक्टरांखेरीज कोणाला सांगितलेलं नाही. आता सगळ्यांसमक्ष लिहिते.

माळ्याने फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "बाई, हा जरा चार्जिंगला लावता का? एका माणसाच्या घरी फोन करायचाय." माझ्यासमोर एक गिऱ्हाईक होतं, मी त्याला तीन कॅमेऱ्यांतला फरक समजावत होते. मी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "ठेवा तिथे. थांबा जरा." तो थांबला. पुन्हा म्हणाला, "बाई, घाई आहे." मी म्हटलं, "सगळ्यांनाच असते." तो गरीब माणूस टोपी हातात धरून उभा राहिला. दहा मिनिटं गेली. मग सून मागच्या खोलीतून चहाचे कप घ्यायला बाहेर आली, तिने तो फोन सहज उचलून उलटा केला, चिठ्ठी बघितली आणि म्हणाली, "आई." एवढंच म्हणाली.

दवाखान्यात नेलं तेव्हा अकरा वाजत आले होते. एकला ते गेले. डॉक्टर मला नेहमी सांगतात की त्या दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता. डॉक्टर भला माणूस आहे आणि आमचा मित्र आहे, म्हणून मी त्यांचं या बाबतीत ऐकत नाही.

आणि ते गिऱ्हाईक "घरी विचारून सांगतो" म्हणून गेलं ते गेलंच.

मुलगा दवाखान्यात मला म्हणाला, "नवीन घेऊन दे म्हटलं होतं ना मी!" आणि त्या दिवसापासून त्याने काउंटरच्या आत पाऊल टाकलेलं नाही. मी लोकांना सांगत फिरले की मोठ्या नोकरीमुळे त्याला दुकानाची लाज वाटते. करारावरून आमचं वाजलं तेव्हा तो एकदा ओरडला, "मला त्या काउंटरकडे बघवत नाही, आई!" मी म्हटलं, नाटकं करू नकोस. बाळा, नाटक नव्हतं ते. तू बरोबर होतास. दहा मिनिटांचं तर तुला माहीतही नव्हतं, तरी तुला बघवत नव्हतं. मी मात्र रोज तिथेच उभी राहून माल विकत होते.

सुनेने ती दहा मिनिटं पोटात ठेवली. नवऱ्यालाही सांगितली नाहीत. मी तिला तसं कधी म्हटलं नव्हतं, पण ओझं तर तिच्यावर टाकलंच. ते आज काढून घेते.

तेराव्या दिवशी तिने त्या फोनची बॅटरी बदलली. मी घड्याळ लावून बघत होते. अठरा मिनिटं लागली. फोनला दुसरं काहीही झालेलं नव्हतं. मी त्यांचा नंबर बंद केला नाही, दर महिन्याला रिचार्ज करते. तो फोन माझ्या पर्समध्ये असतो, माझ्यानंतर तो मुलाचा.

कलम ६. दुकान.

बॅटरी बदलल्यानंतरच्या आठवड्यात सुनेने मला न विचारता एक काम केलं. काउंटरच्या बाहेरच्या अंगाला लाकडाची एक पट्टी ठोकली आणि तिला आठ प्रकारच्या वायरी लावल्या, जुन्या, नव्या, बारीक, जाड, जगातला कुठलाही बंद पडलेला फोन चालेल अशा. खाली तिच्या अक्षरात: 'विचारू नका, लावा.' कोणी विचारत नाही. येतात, लावतात, उभे राहतात. भाजीवाली येते, रिक्षावाले येतात, परीक्षेला आलेल्या मुली येतात. पैसे नाहीत. मला सुरुवातीला राग आला होता, विजेचा नव्हे, ती पट्टी दिसली की टोपी हातात धरलेला माळी दिसायचा त्याचा. आता मी सकाळी शटर वर केलं की आधी त्या आठ वायरी ओढून बघते.

मी मुलाला विचारलं होतं, तुमच्या काचेच्या दुकानात ही पट्टी राहील का? म्हणाला, "नाही आई, आमच्या डिझाइनमध्ये बसत नाही."

सबब सदर दुकान, मागच्या खोलीसह, टेबल, भिंग व चिमट्यांसह, मी माझ्या सुनेला एकटीला पूर्ण मालकी हक्काने देते. साखळीच्या कागदावर मी सही करणार नाही. हे तिने गप्प राहिल्याचं बक्षीस नव्हे, तसं कोणी म्हटलं तर त्याला टेलरमास्तरांनी सरळ करावं. तिने त्या दिवशी फोन उलटा करून बघितला, मी बघितला नाही, म्हणून दुकान तिचं.

अटी दोन. पट्टी काढायची नाही. आणि घरच्या माणसाचा नग टेबलावर आला की तो पहिला, गिऱ्हाईक थांबेल.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. घड्याळ मिळालंय, तेव्हा कुरकुर करू नये.

येणेप्रमाणे लिहिलं, दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तरांनी कलम ५ ला डोळे पुसले आणि कलम ४ (अ) ला हसले, तेव्हा त्यांना सगळं नीट ऐकू आलं आहे.

(सही)
दुकानाची मालकीण

साक्षीदार १: शेजारचे टेलरमास्तर (सही)
साक्षीदार २: घरचे डॉक्टर (सही). बाईंची तब्येत व बुद्धी मी आजच तपासली आहे. बुद्धीला काही झालेलं नाही.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार, दुकान बंद, सकाळी अकरा

पुरवणी, त्याच दिवशी, साडेअकरा. सह्या झाल्यावर वाटलं, कलम ५ मुलाने मी मेल्यावर का वाचायचं? हे पण 'उद्या बघू'च झालं. म्हणून त्याला बोलवायला पर्समधला फोन काढून लावला. हाताला तोच लागला. त्याच्या फोनवर कोणाचं नाव उमटेल ते माझ्या डोक्यातच आलं नाही. पहिल्या रिंगला उचलला त्याने. म्हणाला, "बाबा?" मी म्हटलं, "मी आहे रे, आई. दुकानात ये. आजच ये." तो म्हणाला, "निघालो." आता समोरचा रस्ता ओलांडतो आहे. सुनेने अर्धं शटर वर केलं आहे आणि मी काउंटरच्या आतून उठून बाहेर, पट्टीपाशी, उभी राहिले आहे. वरील मजकूर खरा असल्याबद्दल मास्तरांची व डॉक्टरांची पुन्हा सही.