साखऱ्याची रेल्वे आणि माझ्यावरचा हक्कभंग

साखरा, ता. सेनगाव

ती. भीमराजमामांना वैजनाथचा दंडवत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची शुगर कशी आहे? इकडे माझी झोप सोडली तर सगळं ठीक.

मामा, माझ्यावर हक्कभंग येणार आहे. (रागिणीला अजून सांगितलेलं नाही.) रविवारी गावात आमदारसाहेबांचा सत्कार झाला आणि आभाराला मला उभं केलं. साहेब नुकतेच म्हणाले होते, विधानसभेत कायदा करून साखऱ्याला रेल्वे आणतो. मी गप आभार मानायला हवे होते, पण जे होणारच नाही त्याचे आभार कसे मानावेत? म्हणून माईकवरच सांगितलं की रेल्वे केंद्राच्या सूचीत आहे, राज्याच्या विधानसभेला तो अधिकार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिथेच घात झाला. साहेबांचे कार्यकर्ते रामसिंग मांडवातच म्हणाले, "वैजनाथभाऊ, तुमी सभागृहाची इज्जत काढली. आता हक्कभंग येऊन राहिला बराबर!"

तेव्हापासून मी कॉलेजातलं राज्यशास्त्राचं पुस्तक उशाशी घेऊन आहे. सभागृह माणसाला बोलावून समज देऊ शकतं, तुरुंगातही धाडू शकतं. अधिवेशन संपलं की सुटका, एवढाच दिलासा. (अधिवेशन लवकर गुंडाळावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, त्याची लाजही वाटली.) हिवाळी असेल तर नागपूर, म्हणजे स्वेटर लागेल. विधानसभा निदान पाच वर्षांनी जाते. विधान परिषद मात्र कधीच विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात. उरलेले दोन तृतीयांश मला आठवत बसले तर? मी खरं बोललो, की टाळ्यांसाठी बोललो? रोजनिशीत हेच लिहीत असतो.

तुमचा,
वैजनाथ

ता.क. शेवटी रागिणीला सांगितलं. कणीक मळता मळता ती म्हणाली, "आहो, पन ते निवडून कवा आले?" मामा, खरंच की! चौकातल्या फ्लेक्सवर त्यांच्या नावाआधी कितीतरी वर्षं 'भावी आमदार' आहे. 'भावी' वाचायचं आम्ही सगळ्यांनीच सोडून दिलं होतं. सभासदच नाही तर हक्कभंग कसला? जीव भांड्यात पडला.

पुन्हा ता.क. त्या आनंदात हे मी रामसिंगना सांगितलं. चौकात. सगळ्यांसमोर. आता साहेब स्वतः माणसं घेऊन माझ्याकडे निघालेत म्हणे. यावर पुस्तकात काही सापडत नाही. तुमची माडीवरची खोली निवडणुकीपर्यंत रिकामी आहे ना? पत्राच्या मागोमाग मीच येतोय.