सशाची बरणी

कॉर्क,
१४ नोव्हेंबर

ती. आईस,

गिरिजाचा नमस्कार. इथे पाऊस, आम्ही ठीक, बाबांचा गुडघा कसा आहे ते कळव. झालं. आता मुद्द्याचं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

मागच्या आठवड्यात लिंबाच्या लोणच्याची बाटली संपली, तर तू फोनवर म्हणालीस, "अजून आहे की, बाटली भरून उरलेलं, तांदळाच्या डब्यामागे बरणीत." आमच्या घरात बरणी कुठली, म्हणून कपाटात हात घातला, तर तोंडाला कापडाचा दादरा बांधलेली इंद्रनीलची स्पॅनिश बरणी! अगं, तीनशे वर्षांपूर्वीची औषधाची बरणी आहे ती. तू इथे आलीस तेव्हा ज्या खोलीत राहिलीस, तिथेच खोक्यात जपून ठेवली होती. खोकं उघडलंसच कशाला?

निळ्या वेलबुट्टीतल्या सशाचे कान गेले. मिठाने झिलईचे पापुद्रे सुटले. इंद्रनील नुसता 'ग्रँड' म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे, चालायचंच'. इथे राहून तेवढं शिकलाय. आणि तुला विचारलं तर म्हणतेस, औषधाचीच बरणी ना, दादरा बांधायला काठही आहे, मग लोणच्याने काय होतंय? वर तुझा जावई मला सांगतो, तेव्हाही त्या काठाला कापडच बांधत. फितवलंस त्याला.

पण आई, त्या पांढऱ्या झिलईत कथलाबरोबर शिसं असतं. लिंबू आणि मीठ ते ओढून घेतात. रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात माझं कामच ते, डब्यातलं काय औषधात उतरतं ते तपासायचं. आणि घरी मी महिनाभर दहीभाताबरोबर तेच लोणचं चाटत होते, कारण दुसरं काही पोटात ठरत नव्हतं.

हो. मला दिवस गेलेत. एप्रिलची तारीख आहे.

तुला सांगितलं नाही. गेल्या वेळी सगळ्यांना सांगितलं आणि मग सगळ्यांना पुन्हा फोन करावे लागले. ते आता माझ्याने होणार नाही. तू ओळखलं होतंस, म्हणूनच जाण्याआधी लोणचं घातलंस ना? मग विचारायचं तरी. बरण्या धुंडाळण्यापेक्षा ते सोपं होतं.

रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत मी इंद्रनीलवर, तुझ्यावर, त्या सशावरसुद्धा चिडले. आज आला. शिसं आहे, पण काळजी करण्याइतकं नाही, बाळ छान आहे. मग गाडीत बसून खूप रडले. तू हवी होतीस.

मार्चमध्ये ये. लोणचं घाल, मला हवंय. फक्त बरणी तुझी तू आण.

तुझ्यावर अजून चिडलेली,
गिरिजा